सहमचा फुटबॉल आणि सरावाच्या मैदानाचा प्रश्न



सहम, सोहार आणि खाबुरा भागात राहणाऱ्या आपल्या सभासदांकडून एक प्रश्न वरचेवर येतो. मुले शाळेतून आल्यावर फुटबॉल मागतात, शेजारची ओमानी मुले सतत फुटबॉलबद्दल बोलत असतात, मग इथला फुटबॉल नेमका चालतो कसा? आणि प्रेक्षक सारखे मैदानावरून नाराज का असतात? आपल्यातल्या कोल्हापूरकरांना हा दुसरा प्रश्न पडत नाही, कारण तो त्यांच्या घरचाच आहे. म्हणून या माहितीपर लेखात सहम आणि कोल्हापूर दोन्हीकडची माहिती एकत्र दिली आहे. ज्यांना फुटबॉलमध्ये रस नाही त्यांनीही वाचावे, कारण विषय शेवटी मुलांच्या खेळण्याच्या जागेचा आहे.

सहम आणि सहमचा क्लब

सहम ही उत्तर बातिना प्रांतातील एक विलायत. २०११ साली जुन्या बातिना प्रदेशाचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले, तेव्हापासून सहम उत्तर भागात आहे. एका बाजूला सोहार, दुसऱ्या बाजूला खाबुरा, समोर ओमानचे आखात आणि पाठीमागे हजर पर्वताची रांग. खजुराच्या बागा आणि मासेमारी हे इथले जुने व्यवसाय. सोहार बंदर आणि औद्योगिक वसाहत उभी राहिल्यानंतर आपल्या लोकांची वस्तीही या पट्ट्यात वाढली.

सहम क्लबची स्थापना १९७२ सालची. ओमानमध्ये क्लब म्हणजे केवळ फुटबॉल संघ नव्हे. तो क्रीडा, सांस्कृतिक आणि सामाजिक कामाचा क्लब असतो. त्याची देखरेख पूर्वी क्रीडा मंत्रालयाकडे होती. २०२० पासून संस्कृती, क्रीडा व युवा मंत्रालयाकडे आहे. सहमने सुलतान काबूस चषक २००९ साली जिंकला आणि पुन्हा २०१५-१६ च्या मोसमात जिंकला. मस्कत, सलाला आणि सूरच्या जुन्या नावाजलेल्या क्लबांच्या रांगेत एका किनाऱ्यावरच्या गावाने देशाचा चषक दोनदा नेला, ही साधी गोष्ट नाही. सहमच्या लोकांना त्याचा अभिमान का आहे हे यावरून कळावे.

क्लबच्या खाली आणखी एक थर आहे, तो बाहेरच्या माणसाला पटकन दिसत नाही. प्रत्येक विलायतीत गावागावांचे, मोहल्ल्यांचे हौशी संघ असतात. त्यांना 'फरीक' म्हणतात आणि ते त्या विलायतीच्या क्लबशी जोडलेले असतात. मुले आधी फरीकमध्ये खेळतात, मग त्यातली चांगली क्लबकडे जातात. कोल्हापूरच्या तालमींची आठवण झाली ना? रचना बरीचशी तशीच आहे.

सामना एकीकडे, गाव दुसरीकडे

सहम क्लब आपले घरचे सामने सोहारच्या प्रादेशिक क्रीडा संकुलात खेळत आला आहे. संकुलाची प्रेक्षकक्षमता सुमारे १९,००० आहे आणि ते सहमपासून तीसेक किलोमीटरवर आहे. हे संकुल एकट्या सहमचे नाही. सोहार क्लब आणि आसपासचे इतर क्लबही तेच वापरतात.

सरकारच्या दृष्टीने ही व्यवस्था समजण्यासारखी आहे. प्रत्येक विलायतीत मोठे स्टेडियम बांधून ते सांभाळणे परवडत नाही, म्हणून प्रांताला एक चांगले संकुल. सामन्यापुरते हे ठीक चालते. पण सामना आठवड्यातून दीड-दोन तासांचा असतो. उरलेले दिवस संघ काय करतो, कुठे करतो, यावर त्या दीड-दोन तासांचे भवितव्य ठरते. स्टेडियम उद्घाटनाच्या फोटोत दिसते, सरावाचे मैदान दिसत नाही. जगभरच्या लहान क्लबांच्या प्रेक्षकांचे रडगाणे इथेच सुरू होते.

सरावाची सोय म्हणजे नेमके काय?

फिफाचे क्लब परवान्याचे नियम २००८ पासून लागू झाले आणि आशियाई महासंघानेही ते आपल्याकडे आणले. त्यात पाच भाग आहेत: क्रीडाविषयक, पायाभूत सुविधा, कर्मचारी व प्रशासन, कायदेशीर आणि आर्थिक. पायाभूत सुविधांच्या भागात सामन्याच्या स्टेडियमबरोबर सरावाच्या जागेचीही अट आहे. ती जागा क्लबच्या मालकीची नसली तरी चालते, पण वर्षभर वापरायला मिळेल असा लेखी करार हवा.

साध्या भाषेत सांगायचे तर क्लबला पुढील गोष्टी लागतात:

१. किमान एक पूर्ण मापाचे मैदान. हल्ली प्रमाण माप १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद धरतात.

२. लहान मुलांसाठी वेगळी जागा. मोठ्यांचा सराव संपेपर्यंत मुलांना थांबवून ठेवले की मुले येईनाशी होतात.

३. दिवे. सरावापुरते २०० लक्सच्या आसपास उजेड पुरतो, टीव्हीवरच्या सामन्यासाठी लागतो तेवढा लागत नाही.

४. कपडे बदलायची खोली, पिण्याचे पाणी, बर्फ आणि प्रथमोपचार.

५. मैदान सांभाळणारा माणूस. याचा पगार बहुतेक वेळा अंदाजपत्रकात धरलेलाच नसतो.

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. मैदान बांधायला एकदा पैसे लागतात, ते राखायला दर महिन्याला लागतात.

बातिना किनाऱ्यावर हिरवळ राखणे

आपल्याकडे हिरवळ पावसाळ्यात आपोआप उगवते. इथे तसे नाही. एक साधा हिशोब पाहा. १०५ गुणिले ६८ म्हणजे ७,१४० चौरस मीटर. उन्हाळ्यात रोज ८ मिलिमीटर पाणी द्यावे लागते असे धरले, तर एका मैदानाला दिवसाला सुमारे ५७,००० लिटर पाणी लागते. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर जवळजवळ सहा टँकर, आणि तेही रोज.

हे पाणी आणायचे कुठून? बातिना किनाऱ्यावर अनेक दशके विहिरींतून बेसुमार उपसा झाला आणि समुद्राचे खारे पाणी जमिनीखालून आत शिरले. किनाऱ्याजवळच्या कित्येक बागा याच कारणाने वाळल्या. खाऱ्या पाण्यावर साधे गवत टिकत नाही. म्हणून आखाती देशांत पास्पालम जातीचे गवत वापरतात, ते खारेपणा बऱ्यापैकी सोसते. शहरांत सांडपाणी शुद्ध करून ते बागांना आणि मैदानांना देतात. जिथे तशी वाहिनी पोचलेली नाही, तिथे मैदान म्हणजे पांढरा हत्तीच.

दुसरी अडचण उन्हाची. जून ते ऑगस्ट दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावर काम करायला ओमानमध्ये कायद्याने बंदी आहे, हे आपल्या साइटवर काम करणाऱ्या मंडळींना ठाऊक आहेच. खेळाडूंनाही तेच ऊन आणि किनाऱ्यावरचा तोच दमटपणा. त्यामुळे सराव मगरिबच्या नमाजानंतरच होतो. म्हणजे दिवे नसतील तर मैदान असून नसल्यासारखे.

तिसरी गोष्ट वादीची. पर्वतात पाऊस झाला की वादीचे पाणी किनाऱ्याकडे धावते. ऑक्टोबर २०२१ मधील शाहीन चक्रीवादळाने बातिना पट्ट्यात काय केले ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. सखल जागी बांधलेले मैदान अशा एका रात्रीत गाळाखाली जाऊ शकते.

कृत्रिम हिरवळ हा उपाय आहे का?

काही प्रमाणात आहे. चांगले नैसर्गिक गवत आठवड्याला थोडेच तास खेळ सोसते, नंतर टक्कल पडते. कृत्रिम हिरवळ त्याच्या कितीतरी पट वापर सहन करते आणि तिला पाणीही फार लागत नाही. म्हणून अनेक संघांनी मिळून वापरायच्या मैदानाला ती सोयीची.

पण तीही फुकट नाही. कडक उन्हात तिचा पृष्ठभाग ६० अंशांच्या वर तापतो, त्यामुळे दिवसा मुलांना तिच्यावर उतरवू नये. दर काही वर्षांनी ती बदलावी लागते. वाळू आणि धूळ बसली की ती दगडासारखी कडक होते, मग घोटे आणि गुडघे दुखावतात. मुंबईच्या कूपरेज मैदानावर अशी हिरवळ बसवली गेली तेव्हा तिथेही हीच चर्चा झाली होती.

आता आपले कोल्हापूर

मैदानाच्या प्रश्नावरून प्रेक्षकांचा जीव कसा वरखाली होतो हे मराठी मुलखात पाहायचे असेल तर कोल्हापूरला जावे. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे केएसए, १९४० सालची संस्था. कुस्तीच्या तालमींतूनच फुटबॉलचे संघ निघाले. पाटाकडील तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, फुलेवाडी, संध्यामठ, उत्तरेश्वर वाघाची तालीम ही नावे कोल्हापुरात लहान मुलालाही पाठ असतात. पेठेचा झेंडा, पेठेचा रंग, पेठेची गाणी. पाटाकडील विरुद्ध शिवाजी असा सामना असला की दुकाने लवकर बंद होतात असे आमच्याकडचे लोक सांगतात. त्यात थोडी अतिशयोक्ती धरली तरी फार नाही.

मोसम साधारण थंडीत सुरू होतो आणि पावसापूर्वी संपतो. आफ्रिकेतील देशांचे खेळाडूही पेठांच्या संघांतून खेळून गेले आहेत. आणि हे सगळे मुख्यतः एकाच मैदानावर: राजर्षी शाहू स्टेडियम.

पुन्हा हिशोब करू. सोळा संघांची एकेरी साखळी घेतली तर १२० सामने होतात. त्यात बादफेरीच्या स्पर्धा वेगळ्या. याच सोळा संघांनी आठवड्यातून फक्त दोनदा, दीड-दीड तास सराव करायचे ठरवले तर ४८ तास होतात. कुठलेच गवताचे मैदान हे सोसणार नाही. म्हणून शाहू स्टेडियम सामन्यांसाठी राखावे लागते आणि संघांना सरावासाठी शहरात मिळेल ती मोकळी जागा शोधावी लागते. पहाटे ज्या मैदानावर फुटबॉल, त्यावरच नंतर क्रिकेट, मग चालायला येणारे लोक, आणि मधून मधून एखादे प्रदर्शन किंवा सभा. खड्ड्यात तंबूचे खुंट राहिलेले असतात. पाय मुरगळला की मोसम गेला.

गांधी मैदानाची गोष्ट

शिवाजी पेठेतील गांधी मैदान हे याचे चांगले उदाहरण. हे मैदान जुन्या वरुणतीर्थ तलावाच्या जागेवर आहे. तलाव बुजवला तरी जमिनीचा उतार बुजत नाही. आजूबाजूचे पावसाचे पाणी आपल्या जुन्या वाटेने तिथेच येते आणि सोबत गटाराचे पाणीही आणते. पावसाळ्यात मैदानाचे तळे होते, आणि पाणी ओसरल्यावरही चिखल, काचा, वास राहतो. पेठेतल्या लोकांनी यासाठी वर्षानुवर्षे आवाज उठवला आहे.

यातून घेण्यासारखा धडा सरळ आहे. मैदान ही केवळ मोकळी जागा नसते. तिला उतार लागतो, खाली खडी-वाळूचे थर लागतात, पाणी बाहेर काढणारी वाट लागते. वरून मुरूम टाकून रोलर फिरवला की एक पावसाळा निघतो, दुसरा निघत नाही. कोल्हापुरात पाणी जास्त म्हणून मैदान जाते, बातिनात पाणी नाही म्हणून. दोन्हीकडे मुलगा बाहेर उभा.

गुणी मुलगा गाव सोडतो

कोल्हापूरच्या अनिकेत जाधवचे नाव आपण ऐकले असेल. २०१७ साली भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात तो भारतीय संघातून खेळला. दिल्लीत अमेरिका, कोलंबिया आणि घानाविरुद्धचे ते तीन सामने भारत हरला, पण कोल्हापुरात त्या दिवसांत चौकाचौकात पडदे लागले होते. अनिकेतच्या खेळाला आकार मिळाला तो मात्र कोल्हापुराबाहेर, पुण्यात बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत. पुढे तो इंडियन ॲरोज आणि जमशेदपूरकडून खेळला.

यात कुणाचा दोष काढायचा नाही. मुलाने पुढे जावेच. पण ज्या गावाने त्याला खेळाचे वेड लावले, त्या गावाकडे त्याला वाढवायची जागा नव्हती, ही रुखरुख प्रेक्षकांच्या मनात राहते. आणि एका अनिकेतमागे, परगावी जायची सोय नसलेली किती मुले अठराव्या वर्षी बूट खुंटीला टांगतात, याची मोजदाद कुणी ठेवत नाही.

मैदान असले तरी पुरत नाही

दुसरी बाजूही सांगायला हवी. पुण्यात १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडीचे संकुल उभे राहिले. २००७ साली पुणे एफसी सुरू झाला, त्याने मामुर्डीला स्वतःची अकादमीही काढली. तो क्लब पुढे बंद पडला. २०१४ साली आलेला एफसी पुणे सिटी २०१९ साली बंद झाला. मुंबई एफसी २००७ ते २०१७ एवढाच टिकला. म्हणजे मैदान होते, प्रेक्षकही होते, पण क्लब मालकाच्या खिशावर उभा होता. कोल्हापूरच्या तालमी मैदानाशिवाय टिकल्या, कारण त्यांच्यामागे पेठ आहे. सहमच्या क्लबमागे विलायत आहे. अशा क्लबांना जागा मिळाली तर ती पिढ्यान्‌पिढ्या वापरली जाते. मला वाटते, सरकारी पैसा लावायचा तर तो इथे लावण्याला जास्त अर्थ आहे.

प्रेक्षकांचा राग: कुठे रास्त, कुठे नाही

संघ हरला की प्रेक्षक आधी खेळाडूवर चिडतात, मग प्रशिक्षकावर. मैदानापर्यंत फार थोडे पोचतात. जे पोचतात त्यांचा राग रास्त आहे. ओल्या-सुक्या, खड्ड्यांच्या जमिनीवर सराव केलेला मुलगा चेंडू उचलून मारायलाच शिकतो, कारण जमिनीवरून दिलेला पास कुठे उडेल याचा भरवसा नसतो. मग तोच मुलगा चांगल्या हिरवळीवर आला की त्याच्या खेळाला नावे ठेवतात.

पण हाच राग खुर्च्या मोडण्यात, दगड भिरकावण्यात गेला की बाजू उलटते. कोल्हापुरात हुल्लडबाजीमुळे सामने थांबवण्याची वेळ आलेली आहे. सामने थांबले की मैदान मागायचा हक्कही कमकुवत होतो. 'यांना आधी वागायला शिकवा' असे म्हणायला अधिकाऱ्यांना निमित्त मिळते.

आपण इथे काय करू शकतो?

आपण या देशात पाहुणे आहोत. क्लबच्या कारभारात बोलणे आपले काम नाही. पण काही गोष्टी नक्की करता येतील:

– मुलांना संध्याकाळी समुद्रावर न्या. ओहोटीच्या वेळी ओली वाळू टणक असते आणि बातिनाची मुले पिढ्यान्‌पिढ्या तिथेच शिकली आहेत. मात्र भरतीची वेळ आधी पाहा.

– शेजारच्या फरीकची मुले खेळत असतील तर मध्ये गाडी घालू नका. खेळायचे असेल तर त्यांच्यातल्या मोठ्या मुलाला सलाम करून विचारा. बहुतेक वेळा ते आपल्या मुलांना घेतात.

– कंपनीच्या संघांनी भाड्याचे मैदान घेतले तर शेवटचा अर्धा तास मुलांसाठी ठेवावा. आमच्या संघाने बरीच वर्षे दगडगोट्यांच्या मोकळ्या जागेवर सराव केला आणि तीन जणांचे गुडघे गमावले, तेव्हा कुठे वर्गणी काढून भाड्याची हिरवळ घेतली. ही अक्कल आधी आली असती तर बरे झाले असते.

– सोहारच्या संकुलात सहमचा सामना असेल तर सहकुटुंब जा. ढोल, गाणी आणि शिस्तीत बसलेले आजोबा-नातू पाहून बरे वाटते. १९ नोव्हेंबर २०१९ रोजी मस्कतमध्ये ओमानने भारताला १-० हरवले, तेव्हा आपल्या लोकांच्या शेजारी बसलेल्या ओमानी मंडळींनी सामन्यानंतर हात मिळवले होते. हे लक्षात राहते.

– गावाकडे सुट्टीवर गेलात तर आपल्या पेठेच्या, तालमीच्या मैदानासाठी हातभार लावा. नवीन जर्सीपेक्षा मैदानाच्या माळ्याचा वर्षाचा पगार दिला तर जास्त उपयोग होतो. जर्सीवर आपले नाव छापून येते, माळ्याच्या पगारावर येत नाही, एवढाच फरक.

सहम असो वा कोल्हापूर, प्रेक्षक काही राजवाडा मागत नाहीत. सपाट जमीन, पुरेसे पाणी, चार दिवे आणि संध्याकाळी उघडे असलेले फाटक, एवढीच मागणी आहे.

या लेखात काही राहिले असेल किंवा सोहार-सहम भागातील सभासदांकडे अधिक माहिती असेल तर जरूर कळवावी. पुढील वेळी भर घालू.